लसूण कसा चिरायचा आणि कधी घालायचा: घरच्या साध्या जेवणासाठी

‘लसूण, 4 पाकळ्या’ एवढंच लिहिलेली कृती अर्धीच असते. याच 4 पाकळ्या अख्ख्या शिजवल्या तर पदार्थाला मऊ, गोडसर चव येते. काप करून तेलात सोनेरी केल्या तर खमंगपणा येतो. किसून शेवटी कच्च्याच घातल्या तर जिभेला झोंबतात. प्रमाण एकच, चवी तीन. म्हणून लसूण किती घ्यायचा यापेक्षा तो कसा चिरायचा आणि कधी घालायचा हे आधी ठरवावं. ते जमलं की मीठ, तेल आणि एखादी भाजी एवढ्यावर चांगलं जेवण होतं.

चव कुठून येते

न सोललेल्या पाकळीला जवळजवळ वास नसतो. तिच्या पेशींमध्ये ॲलिन नावाचं द्रव्य आणि ॲलिनेझ नावाचं एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतं. सुरी लागली, दाब पडला, पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होतं. कच्च्या लसणाचा झोंबणारा तिखटपणा मुख्यतः याचाच. जितक्या जास्त पेशी फुटतील तितकं ॲलिसिन जास्त. त्यामुळे अख्खी पाकळी सगळ्यात सौम्य, जाड काप त्याहून थोडे कडक, मग बारीक चिरलेला, मग ठेचलेला, आणि किसणीवर किसलेला किंवा मीठ घालून वाटलेला सगळ्यात जहाल.

या एन्झाइमला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता आणि तीव्र आंबटपणा. अख्खी पाकळी आधी उकळली आणि मग कुस्करली, तर ती तिखट होत नाही, कारण एन्झाइम आधीच निकामी झालेलं असतं. उलट, पदार्थात लसूण ठळक जाणवायला हवा असेल तर तो ठेचून 10 मिनिटं तसाच ठेवावा आणि मग तेलात घालावा. तेवढ्या वेळात जे तयार व्हायचं ते झालेलं असतं. शिजताना त्यातलं बरंच बदलतं, तरी चिरताक्षणी टाकलेल्या लसणापेक्षा चव भरीव लागते.

करपण्याचं कारणही लसणातच आहे. कांद्यात जवळपास 89 टक्के पाणी असतं, लसणात मात्र साधारण 60 ते 65 टक्केच. कांदा आपल्या पाण्यात बराच वेळ शिजत राहतो, लसणाचा बारीक तुकडा मिनिटाभरात कोरडा होतो आणि लगेच रंग धरतो. दोन्ही एकत्र तेलात टाकले की कांदा पारदर्शक होईपर्यंत लसूण तपकिरी आणि कडू झालेला असतो. कांदा आधी घ्या, त्याला 8 ते 10 मिनिटं द्या, आणि लसूण शेवटच्या मिनिटाला घाला. आलं-लसूण वाटणाचंही तेच, फक्त वाटणात पाणी असल्यामुळे त्याला दोन-तीन मिनिटं जास्त चालतात.

घेताना आणि सोलताना

गड्डा हातात जड आणि घट्ट लागला पाहिजे. दाबल्यावर सालाखाली पोकळी जाणवली तर आतल्या पाकळ्या वाळायला लागल्या आहेत. मध्यम गड्ड्यात साधारण 10 ते 12 पाकळ्या असतात आणि एक पाकळी 4 ते 5 ग्रॅमची. खाली दिलेली प्रमाणं अशा मध्यम पाकळ्यांची आहेत. बारीक पाकळ्यांचा लसूण असेल तर संख्या दुप्पट धरा.

एक-दोन पाकळ्या सोलायच्या तर मुळाकडचं कडक टोक कापा, पाकळीवर सुरीचं पातं आडवं ठेवा आणि तळहाताने एकदा दाबा. ‘टक’ असा आवाज आला की साल सुटलं. अख्ख्या पाकळ्या हव्या असतील तर दाब हलका ठेवा. वीस-पंचवीस पाकळ्या असतील तर कोमट पाण्यात 10 मिनिटं भिजवा, सालं निसटतात. मात्र नंतर त्या फडक्याने कोरड्या कराव्या लागतात, नाहीतर तेल उडतं. मायक्रोवेव्हमध्ये 15 सेकंद ठेवूनही साल सुटतं, पण त्या उष्णतेने लसूण थोडा मवाळ होतो. कच्चा वापरायचा असेल तर ही युक्ती टाळा.

पाकळीच्या मधोमध हिरवा कोंब आला असेल तर कच्च्या चटणीसाठी तो काढून टाका, कारण त्याची चव कडवट लागते. शिजवायचं असेल तर कोवळा कोंब राहिला तरी चालतो.

लसणाचं तेल आणि त्यावर परतलेला भात

पहिल्यांदा हाच पदार्थ करून बघावा. लसूण कुठे खमंग होतो आणि कुठे कडू होतो ती सीमा इथे डोळ्यांना दिसते.

दोघांसाठी एक वाटी (सुमारे 200 ग्रॅम) तांदळाचा मोकळा भात, 10 पाकळ्या लसूण, 3 मोठे चमचे वास नसलेलं तेल, पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा मिरपूड आणि एखादी पातीच्या कांद्याची काडी एवढंच लागतं. भात गार असावा. गरम भाताची शितं कढईत तुटतात आणि लगदा होतो. आदल्या दिवशीचा वापरायचा तर तो शिजल्यावर ताटात पसरून लवकर गार करावा आणि तासाभरात फ्रिजमध्ये जावा. शिजलेला भात बाहेर तासन्‌तास राहिला तर त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

लसणाचे 2 मिलिमीटर जाडीचे एकसारखे काप करा. ‘एकसारखे’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पातळ काप करपायला लागले की जाड अजून कच्चेच असतात. कढईत तेल थंड असतानाच काप घाला आणि मग गॅस लावा, मंद आचेवर. तेल आणि लसूण बरोबरीने तापले की कापांतलं पाणी हळूहळू निघून जातं आणि चव तेलात उतरते. कडक तापलेल्या तेलात काप टाकले की कड तपकिरी होते आणि मधला भाग ओला राहतो.

दोन मिनिटांत कापांभोवती बारीक बुडबुडे येतील. हलवत राहा. चौथ्या-पाचव्या मिनिटाला बुडबुडे कमी व्हायला लागतात, म्हणजे पाणी संपत आलं. इथून पुढे नजर हलवू नका. काप वाळलेल्या गवताच्या काडीच्या रंगाचे झाले की झाऱ्याने काढून कागदावर पसरा. सोनेरी-तपकिरी होईपर्यंत थांबलात तर उशीर झाला, कारण बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेने रंग आणखी एक छटा चढतो. कागदावर ते दोन मिनिटांत कुरकुरीत होतात.

कढईतलं तेल तसंच ठेवा, आच मोठी करा, भात घाला आणि 3 ते 4 मिनिटं परता. मीठ, मिरपूड आणि चिरलेली कांद्याची पात घाला. लसणाचे काप अगदी शेवटी, ताटात वाढल्यावर वरून घालायचे. कढईत घातले तर भाताच्या वाफेने मऊ पडतात.

या तेलाचा आणखी एक उपयोग आहे. लसणातली फ्रुक्टान ही शर्करा काही जणांच्या पोटाला सोसत नाही, पोट फुगतं आणि कळा येतात. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. त्यामुळे अशा माणसाला लसूण पूर्ण गाळून काढलेलं तेल बहुतेक वेळा चालतं, पण रश्श्यात शिजवून नंतर पाकळ्या काढून टाकल्या तरी तो रस्सा चालत नाही.

मसुराची डाळ, लसूण दोनदा

डाळीत लसूण फिका लागतो अशी तक्रार असेल तर लसूण दोन टप्प्यांत विभागावा. 150 ग्रॅम मसूर डाळ धुऊन 650 मिलिलिटर पाण्यात घाला, पाव चमचा हळद आणि 4 अख्ख्या पाकळ्याही त्यातच. उकळी आली की फेस काढा आणि झाकण अर्धवट ठेवून मध्यम-मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं शिजवा. डाळ मऊ झाली की पाकळ्याही लोण्यासारख्या झालेल्या असतात. रवीने घोटताना त्या डाळीत मिसळतात आणि तिला गोडसर दाटपणा देतात. मीठ एक चमचा, घोटल्यानंतर.

आता फोडणी. इथेच बहुतेकांचा लसूण जळतो, कारण जिरं फुलायला जेवढं तापलेलं तेल लागतं तेवढ्या तेलात ठेचलेला लसूण काही सेकंदांत करपतो. म्हणून आच दोनदा बदलायची. 2 मोठे चमचे तेल किंवा तूप तापवा, एक छोटा चमचा जिरं घाला. ते फुललं की आच अगदी मंद करा आणि दहा सेकंद थांबा. मग 5 ठेचलेल्या पाकळ्या घाला आणि हलवत राहा, कारण ठेचलेला लसूण तळाला चिकटतो आणि चिकटलेला भागच आधी काळा होतो. 40 ते 60 सेकंदांत कडा सोनेरी होतील. गॅस बंद करा, मग पाव चमचा लाल तिखट घाला (चालू गॅसवर ते जळतं आणि ठसका लागतो), पाच सेकंदांत फोडणी डाळीवर ओता आणि लगेच झाकण ठेवा. पाच मिनिटांनी झाकण काढून ढवळा. झाकणामुळे वास डाळीत मुरतो. उघड्यावर ओतलेल्या फोडणीचा निम्मा वास स्वयंपाकघरात फिरतो.

या डाळीत हिंग घालू नये. हिंगाचा वासही गंधकयुक्त द्रव्यांचाच असतो आणि दोन्ही एकत्र आले की लसूण दबतो.

पालक किंवा कुठलीही कोवळी पालेभाजी

पाच मिनिटांचं काम, पण पाणी सुटू द्यायचं नाही. 400 ग्रॅम निवडलेला पालक धुऊन चांगला निथळून घ्या, शक्यतो फडक्यात गुंडाळून झटका. लसणाच्या 5 पाकळ्यांचे जरा जाडच, 3 मिलिमीटरचे काप. मोठी कढई, दीड चमचा तेल, काप थंड तेलात, मध्यम आच. कडा जेमतेम रंगू लागल्या की आच पूर्ण मोठी करून पालक दोन हप्त्यांत घाला. पहिला हप्ता बसला की दुसरा. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं. मीठ शेवटी आणि अर्ध्या चमच्यापेक्षा कमी. कच्च्या ढिगाऱ्याकडे बघून मीठ घातलं तर भाजी खारट होतेच, आणि मिठाने लगेच पाणी सुटून परतायच्या ऐवजी ती शिजत बसते.

लहान कढईत एवढा पालक मावत नसेल तर दोन वेळा करा. गर्दी झाली की तापमान उतरतं. कोबी किंवा फरसबी घ्यायची असेल तर आधी भाजी परतून तीनचतुर्थांश शिजवा, मग मधोमध जागा करून थोडं तेल आणि बारीक चिरलेला लसूण घाला. सात-आठ मिनिटं लागणाऱ्या भाजीत लसूण सुरुवातीला घालण्यात अर्थ नाही.

खरपूस बटाटे

600 ग्रॅम बटाट्यांचे अडीच सेंटिमीटरचे तुकडे खारट पाण्यात 8 मिनिटं उकळा, गाळा आणि पातेल्यातच हलके हलवून कडा खरबरीत करा. वाफ पूर्ण जाऊ द्या. 3 मोठे चमचे तेलात, एका थरात, मध्यम-मोठ्या आचेवर 12 ते 15 मिनिटं, मधूनमधून उलटत. सगळ्या बाजू खरपूस झाल्या की गॅस बंद करा आणि मगच एक मोठा चमचा लोणी आणि 4 बारीक चिरलेल्या पाकळ्या घाला. कढईच्या उरलेल्या उष्णतेत दीड मिनिट हलवत राहा. बटाट्यांना रंग यायला पंधरा मिनिटं लागतात, लसणाला एक. हा फरक लक्षात ठेवला तर कुठल्याही भाजलेल्या भाजीत लसूण कडू होणार नाही.

लसूण-तेलातली स्पॅगेटी

दोघांना 200 ग्रॅम स्पॅगेटी, 6 पाकळ्या, 60 मिलिलिटर ऑलिव्ह तेल, अर्धा चमचा कुटलेली लाल मिरची. 2 लिटर पाणी, त्यात एक मोठा चमचा मीठ. एवढी मोजकी सामग्री असल्यामुळे चुकीला लपायला जागा नाही, आणि इथे होणारी चूक जवळजवळ नेहमी वेळेची असते: लसूण तयार होतो आणि स्पॅगेटी अजून कच्ची असते.

म्हणून स्पॅगेटी पाण्यात टाकल्यावर चार मिनिटांनी लसणाला हात लावा. पातळ काप थंड तेलात, मंद आच. कडा फिक्या सोनेरी झाल्या की मिरची घाला आणि लगेच त्या पातेल्यातलं अर्धी वाटी पिठूळ पाणी कढईत ओता. तेल उडेल, हात लांब ठेवा. या पाण्याने लसणाचं तळणं जागच्या जागी थांबतं, मग स्पॅगेटीची दोन मिनिटं वाट बघायला हरकत नाही. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या 2 मिनिटं आधी स्पॅगेटी चिमट्याने उचलून थेट कढईत घ्या, आणखी अर्धी वाटी पाणी घाला, आच मोठी करा आणि दीड-दोन मिनिटं जोरजोरात हलवा. पाण्यातला स्टार्च तेलाला धरून ठेवतो आणि प्रत्येक काडीला चकचकीत रस लपेटला जातो. ताटलीत तेल वेगळं आणि पाणी वेगळं दिसलं तर दोनच कारणं असतात: पाणी कमी पडलं किंवा हलवणं कमी पडलं. दोन चमचे पाणी घालून पुन्हा हलवलं की जमतं. स्पॅगेटी उकळायला फार जास्त पाणी घेतलं तर स्टार्च पातळ होतो, म्हणून दोन लिटरच्या वर जाऊ नका.

एका पातेल्यात वीस पाकळ्या

वीस आकडा बघून घाबरू नये. सालासकट, न चिरता, झाकणाखाली मंद शिजलेला लसूण सौम्य होतो. फ्रुक्टानाचे लांब रेणू तुटून गोडी येते आणि तिखटपणाचं नाव राहत नाही.

800 ग्रॅम हाडासकट चिकनचे तुकडे पुसून कोरडे करा, सव्वा चमचा मीठ आणि अर्धा चमचा मिरपूड चोळा. जाड बुडाच्या पातेल्यात 2 मोठे चमचे तेल तापवून तुकडे सालीच्या बाजूने 6 ते 7 मिनिटं, न हलवता, तांबूस करा. चिकटत असतील तर अजून झालेले नाहीत, झाले की स्वतःहून सुटतात. तुकडे बाजूला काढा, आच कमी करा, 20 सालासकट पाकळ्या एक मिनिट परता, 150 मिलिलिटर पाणी घालून तळाचं खरवडून घ्या, तुकडे परत आत. घट्ट झाकण, मंद आच, 35 मिनिटं. हाडाजवळ तापमान 74 अंश सेल्सिअस झालं की चिकन शिजलं. थर्मामीटर नसेल तर जाड भागात सुरी खुपसून बघा, हाडाजवळचं मांस गुलाबी नको आणि ते हाडापासून सहज सुटलं पाहिजे.

निम्म्या पाकळ्या चमच्याने दाबून गर रसात मिसळा, सालं काढून टाका. रस आपोआप दाट होतो, पीठ लागत नाही. उरलेल्या पाकळ्या ताटात तशाच द्या, पावावर दाबून खायला. शाकाहारी करायचं तर 300 मिलिलिटर पाण्यात पाकळ्या आधी 20 मिनिटं झाकून शिजवा, मग 500 ग्रॅम शिजलेला पांढरा घेवडा आणि दोन चमचे तेल घालून आणखी 10 मिनिटं ठेवा. घेवडा मात्र पूर्ण शिजलेलाच हवा.

कच्चा लसूण: दह्यातलं तोंडीलावणं

उकडलेल्या भाज्या, अर्धकच्ची अंडी, भाजलेलं वांगं, कशावरही चालतं. 250 ग्रॅम घट्ट दही, एकच लहान पाकळी, अर्धा चमचा मीठ, एक छोटा चमचा लिंबाचा रस. एक पाकळी कमी वाटते आणि दुसरी घालायचा मोह होतो. तो टाळा, किसलेल्या कच्च्या लसणाची चव अर्ध्या तासात दह्यात पसरते.

तिखटपणा किती हवा ते रसाच्या वेळेवर ठरतं. लसूण थेट लिंबाच्या रसातच किसला तर आंबटपणाने एन्झाइम तिथेच थांबतं आणि वास लसणाचा, पण झोंबणं कमी. आधी किसून ठेवला आणि मग रस घातला तर उशीर झालेला असतो, तयार झालेलं ॲलिसिन आंबटाने परत जात नाही. पंधरा मिनिटं मुरू द्या, वरून कोमट लसूण-तेल आणि कुरकुरीत काप घातले तर एकाच वाटीत लसणाची दोन टोकं येतात. एका वेळेपुरतंच करा, दुसऱ्या दिवशी वास उग्र होतो.

बिघडलं तर

लसूण काळा झाला असेल तर तेलासकट टाकून द्या आणि नव्याने सुरू करा. कडूपणा तेलात उतरलेला असतो. साखर, टोमॅटो, काहीही घातलं तरी तो मागून जाणवतोच. पाच पाकळ्या आणि दोन चमचे तेल वाचवण्यासाठी पातेलंभर डाळ पणाला लावू नये. फिकट तपकिरी असेल आणि पदार्थ रस्सेदार असेल तर चालून जातं.

कच्च्या लसणाचा जहालपणा जास्त झाला तर पदार्थ शिजणारा असल्यास झाकून आणखी दहा मिनिटं उकळा. दह्याचं असेल तर दही वाढवा, दुसरा उपाय नाही.

लिंबू किंवा व्हिनेगर लागून लसूण हिरवा-निळा पडला तर घाबरू नका. लसणातली गंधकयुक्त द्रव्यं आणि अमिनो आम्लं यांच्यातल्या क्रियेने तो रंग येतो, थंड जागी साठवलेल्या लसणात हे जास्त दिसतं. खायला अपाय नाही. पाकळीवर काळी-हिरवी बुरशी असेल किंवा ती पिवळट, पारदर्शक आणि लिबलिबीत झाली असेल तर मात्र ती टाकायचीच.

साठवण, आणि तेलातल्या लसणाचा धोका

अख्खा गड्डा कोरड्या, हवेशीर, उजेड नसलेल्या जागी जाळीच्या टोपलीत आठवडेच्या आठवडे टिकतो. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओल धरून कुजतो. फ्रिजमध्ये ठेवलेला अख्खा गड्डा बाहेर काढला की भराभर कोंब धरतो. गड्डा फोडला की उरलेल्या पाकळ्या आठ-दहा दिवसांत संपवा. सोललेल्या पाकळ्या बंद डब्यात, फ्रिजमध्ये, आठवडाभर.

सोललेला लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवू नका. घरोघरी केली जाते अशी ही गोष्ट खरोखर जीवघेणी ठरू शकते. लसूण जमिनीत वाढतो आणि त्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली हवा नसते, लसूण आंबट नसतो आणि खोलीचं तापमान उबदार असतं. बीजाणू जागे होऊन विष तयार करायला नेमकं हेच हवं असतं. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये अशाच, फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणामुळे 36 जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला होता. बरणीला वास येत नाही, रंग बदलत नाही, चव बदलत नाही, त्यामुळे बघून कळत नाही. तेलात काही मिनिटं तळल्याने बीजाणू मेले असंही धरू नये. घरचं लसूण-तेल, गाळलेलं असो वा काप ठेवलेलं, लगेच फ्रिजमध्ये 4 अंशांखाली ठेवा आणि 4 दिवसांत संपवा. भाजलेल्या मऊ पाकळ्या तेलात ठेवल्या तरी नियम तोच.

जास्त दिवसांसाठी फ्रीझर हाच मार्ग. 100 ग्रॅम सोललेला लसूण 2 मोठे चमचे तेल घालून, पाणी न घालता वाटा, बर्फाच्या साच्यात एक-एक छोटा चमचा भरा आणि घट्ट झाल्यावर डब्यात काढा. एक खडा साधारण एका पाकळीएवढा. तेल असल्यामुळे तो फोडणीत थेट टाकता येतो, पण आच मंद ठेवूनच, कारण गोठलेल्या वाटणातलं पाणी सुरुवातीला तडतडतं. हा लसूण आधीच वाटलेला असल्याने ताज्यापेक्षा थोडा मवाळ लागतो. डाळ-भाजीला तो पुरतो, दह्यात किंवा स्पॅगेटीत ताजाच घ्या. लसणाची पूड वापरायची वेळ आली तर एका पाकळीऐवजी छोट्या चमच्याचा आठवा भाग घ्या आणि ती तेलात न टाकता ओल्या रश्श्यात घाला, कोरडी पूड तेलात क्षणात जळते.